बाथ इंटरफेरोमीटरने पॅराबोलिक आरसा मोजताना: नागपूरच्या घरात जमणारी पद्धत

२०० मिमी व्यास आणि १००० मिमी नाभीय अंतर, म्हणजे एफ/५. घरी दुर्बीण करणारे बरेच जण याच मापाचा आरसा घासायला घेतात, म्हणून या लेखातले आकडे त्याच आरशाचे आहेत. त्याची वक्रतात्रिज्या २००० मिमी. तो गोलीय ठेवून चालत नाही, पॅराबोला करावा लागतो. गोल आणि पॅराबोला मध्यावर एकमेकांना टेकवले, तर कडेपाशी दोघांत जेमतेम १.५६ मायक्रोमीटरचा फरक पडतो. सूत्र सोपं आहे: आरशाच्या त्रिज्येचा चौथा घात, भागिले वक्रतात्रिज्येच्या घनाची आठपट. एवढ्याशा फरकाच्या आकारात पृष्ठभागाची चूक आरएमएस (चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) २३ नॅनोमीटरच्या आत आणायची असते.

फूकोची सुरी आणि रोंकीची जाळी या, परतणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत धार किंवा जाळी धरून सावली बघण्याच्या चाचण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उत्तम आरसे झाले आहेत, आजही होतात. पण सुरीच्या सावलीचा अर्थ बघणाऱ्याच्या नजरेवर ठरतो, आणि ॲस्टिग्मॅटिझम (दोन काटकोनी दिशांना वेगवेगळी वक्रता) तर सुरीखाली सहज निसटतो. इंटरफेरोमीटर प्रकाशाचे दोन किरण एकमेकांत मिसळून उमटणाऱ्या काळ्या-उजळ पट्ट्यांवरून सगळ्या पृष्ठभागाचा नकाशा देतो. हे उपकरण फक्त प्रयोगशाळेचं, असं वाटण्याचे दिवस गेले. कार्ल-लुडविग बाथ या जर्मन खगोलप्रेमीने १९७३ मध्ये मांडलेली रचना साध्या लेझर पॉइंटरवर चालते आणि तिचे सुटे भाग हौशी माणसाला परवडतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरा. इंटरफेरोमीटर परत आलेलं तरंगाग्र (प्रकाशलहरीचा पुढचा पृष्ठभाग) मोजतो. त्या तरंगाग्रात काच, स्टँड, हवा आणि खुद्द उपकरण या सगळ्यांच्या चुका मिसळलेल्या असतात. त्यातला काचेचा वाटा वेगळा काढणं हेच खरं काम आहे. पट्टे दिसणं ही फक्त सुरुवात.

रचना आणि सामान

बीम स्प्लिटर क्यूब (१० मिमीचा पुरतो), एक छोटा सपाट आरसा, सुमारे १० मिमी नाभीय अंतराचं छोटं द्विबहिर्वक्र भिंग, ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर आणि मॅन्युअल फोकस असलेला कॅमेरा. क्यूब आणि भिंग ऑनलाइन मागवावं लागतं. बाकीचं प्लायवुड, ॲल्युमिनियमची पट्टी आणि बारीक आट्यांचे स्क्रू यांत निभावतं. उपकरण तीन दिशांना हळूहळू सरकवता येईल असा मंच मात्र नीट करा. पैसे वाचवायचे तर ते इथे वाचवू नका.

लेझरचा किरण क्यूबवर पडला की त्याचे दोन भाग होतात. एक सरळ जातो. दुसरा काटकोनात वळतो आणि सपाट आरशावरून परत वळून पहिल्याला समांतर निघतो. यातल्या एकाच्या वाटेत ते छोटं भिंग ठेवायचं. भिंगातून गेलेला किरण पसरतो, मोठा आरसा पूर्ण झाकतो आणि परत येताना एका बिंदूवर गोळा होतो. दुसरा किरण बारीकच राहून आरशाच्या मध्यावर आपटतो आणि परतताना त्याच भिंगातून जाऊन पसरतो. दोघे क्यूबमध्ये भेटतात आणि कॅमेऱ्यात पट्टे उमटतात. दोघांचा प्रवास जवळपास सारख्याच लांबीचा असल्याने स्वस्त लेझरही चालतो. शिवाय दोन्ही किरण त्याच काचेवरून परावर्तित होतात, त्यामुळे ॲल्युमिनियमचा थर न चढवलेली, फक्त ४ टक्के प्रकाश परतवणारी काचही ठळक पट्टे देते. घासण्याच्या अधेमधे मोजायचं असतं, म्हणून हा फायदा फार मोलाचा आहे.

समांतर किरणांमधलं अंतर शक्य तितकं कमी ठेवा. त्या अंतरामुळे उपकरण स्वतःच थोडा ॲस्टिग्मॅटिझम घालतं: व्यासाचा वर्ग गुणिले किरणांतल्या अंतराचा वर्ग, भागिले वक्रतात्रिज्येच्या घनाची १६ पट. आपल्या आरशासाठी अंतर १० मिमी असेल तर तरंगाग्रात ३१ नॅनोमीटर, म्हणजे लहरीचा (लेझरच्या ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा) विसावा भाग. तो चालून जातो. अंतर २० मिमी झालं की तोच आकडा १२५ नॅनोमीटरवर जातो, आणि मग तो हिशेबात धरावाच लागतो.

लेझरबद्दल: ५ मिलिवॉटच्या वरचा घेऊ नका, आणि जुळवणी करताना क्यूबमध्ये डोळा लावू नका. ठिपके कागदावर पाहा, पट्टे कॅमेऱ्याच्या पडद्यावर. स्वस्त हिरव्या पॉइंटरमधून न दिसणारा अवरक्त प्रकाशही निसटू शकतो, म्हणून माझी पसंती लाल लेझरला.

खोली, हवा आणि ऋतू

नागपूरकरांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. हवेचा अपवर्तनांक दर अंश सेल्सिअसला सुमारे दहा लाखांत एक भाग बदलतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण आपल्या चाचणीत प्रकाश जाऊन-येऊन ४ मीटर हवेतून जातो. त्या वाटेत वरच्या आणि खालच्या हवेत नुसता ०.१ अंशाचा फरक असेल, तर तरंगाग्रात ०.४ मायक्रोमीटरचा, म्हणजे अर्ध्या लहरीहून जास्त फरक पडतो. आपल्याला सांभाळायचं आहे ते लहरीच्या चौदाव्या भागाच्या हिशेबात (पृष्ठभागावरचे २३ नॅनोमीटर तरंगाग्रावर दुप्पट होऊन एवढे होतात).

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास असतो, भिंती रात्री उशिरापर्यंत तापलेल्या राहतात आणि स्लॅबखालची हवा फरशीजवळच्या हवेपेक्षा कितीतरी गरम असते. त्यात कूलर सुरू असेल तर खोलीच्या हवेहून बरीच थंड हवा झोताने आत येते. कूलरच्या झोतात मोजमाप होत नाही. एसी लावून खोली गार करायची आणि मोजताना बंद करायचा, हाही उपाय अपुरा पडतो, कारण एसी थांबला की तापलेल्या भिंती लगेच हवेला उष्णता देऊ लागतात. उन्हाळ्यात घासायचं काम जरूर करा, पण निर्णायक मोजमाप पुढे ढकला.

त्यासाठी मला सर्वांत भरवशाचे वाटतात ते जुलै-ऑगस्टचे झडीचे दिवस. आभाळ भरलेलं असतं, दिवस आणि रात्र यांच्या तापमानात थोडाच फरक उरतो, भिंती तापत नाहीत आणि बंद खोलीतली हवा तासन्‌तास एकसारखी राहते. तसंही त्या दिवसांत तारे दिसत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत रात्र छान असते, पण दुपार आणि पहाट यांत मोठा फरक असल्याने खोली सतत गार होत असते. तेव्हा मोजायचं तर तळमजल्यावरची, बाहेरची भिंत कमी असलेली आतली खोली निवडा.

आरसा मोजण्याआधी किमान दोन-तीन तास त्याच खोलीत, स्टँडवर उभा ठेवा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगाला चटका देईल इतकं तापलेलं असतं. त्या पाण्याने धुतलेली काच लगेच स्टँडवर ठेवली, तर तुम्ही तापलेल्या काचेचा आकार मोजाल. माठातलं किंवा रात्री बादलीत भरून ठेवलेलं पाणी वापरा. साधी फ्लोट काच दर अंशाला दहा लाखांत सुमारे ९ भाग प्रसरण पावते, बोरोसिलिकेट ३.३ भाग. म्हणजे साध्या काचेला जवळपास तिप्पट धीर धरावा लागतो.

हवेचे थर बसले असतील तर एक उपाय उलटा वाटेल, पण कामाचा आहे. किरणांच्या वाटेवर बाजूने लहान टेबल फॅन मंद फिरवा. पट्टे थरथरतील, पण ती थरथर प्रत्येक फोटोत वेगळी असते आणि सरासरीत विरते. स्थिर बसलेला गरम हवेचा थर सरासरीत कधीच विरत नाही. वर्धा रोडसारख्या वाहत्या रस्त्याला लागून घर असेल तर रात्री उशिरा मोजा. ट्रकच्या धक्क्यांनी पट्टे हलतात, पण छोट्या एक्सपोजरने तो त्रास बराच कमी होतो. हवेचा त्रास असा टाळता येत नाही.

आरसा उभा करणं

आरसा कडेवर, उभा, खालच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर असलेल्या दोन गुळगुळीत खुंट्यांवर टेकवा. मागून तीन बिंदूंचा हलका आधार द्या. पुढून क्लिपने दाबू नका. पडण्याची भीती असेल तर क्लिप काचेपासून कागदाएवढी दूर ठेवा. २५ मिमी जाडीची काच आपल्याला दगडासारखी वाटते, पण क्लिपच्या दाबाने तिच्यात येणारा बाक इंटरफेरोमीटरला स्पष्ट दिसतो.

आरशाच्या कडेवर मार्करने एक खूण करा. तिथून पुढे ही खूण म्हणजे शून्य अंश.

पट्टे मिळवणं

भिंग तात्पुरतं बाजूला करा. आरशासमोर, वक्रताकेंद्राजवळ म्हणजे साधारण २ मीटरवर उपकरण ठेवा. बारीक किरण आरशाच्या मध्यावर पडेल असा मंच फिरवा. मग आरशाचे स्क्रू फिरवून परतलेला ठिपका निघालेल्या किरणाच्या शेजारच्या वाटेवर आणा. आता भिंग जागेवर ठेवा. पसरलेला प्रकाश आरसा भरून टाकतो आहे का ते आरशापुढे पांढरा कागद धरून बघा. परत येणारा प्रकाश बिंदूत गोळा होतो ती जागा कागदावर शोधा आणि मंच पुढेमागे करून ती भिंगाच्या प्रतलात आणा. एवढं झालं की क्यूबच्या चौथ्या बाजूला ठेवलेल्या कॅमेऱ्यात आरशाची चकती आणि तिच्यावर पट्टे दिसतात. पहिल्यांदा यालाच सर्वांत जास्त वेळ लागतो. घाई केली तर भलताच परावर्तित ठिपका धरला जातो. क्यूबच्या प्रत्येक पृष्ठभागावरून असे ठिपके येतात. खरा ठिपका ओळखायचा तर मोठ्या आरशासमोर हात धरा. जो विझेल तो खरा.

पट्टे वर्तुळाकार दिसले तर मंच आरशाच्या दिशेने पुढेमागे करून ते सरळ करा. आडवं सरकवलं की पट्ट्यांची संख्या वाढते. चकतीवर ३० ते ५० पट्टे येऊ द्या. सगळे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारे हवेत, कुठेही बंद वळसा नको. पट्टे सरळ असताना आरशाच्या मध्यापासून भिंगाच्या नाभीपर्यंतचं अंतर टेपने मोजून ठेवा. तीच वक्रतात्रिज्या.

फोटो

कॅमेरा आरशाच्या कडेवर फोकस करा, पट्ट्यांवर नाही. पट्टे कुठेही फोकस केले तरी दिसतात, पण कड धूसर असेल तर पृष्ठभागावरची जागा चुकते आणि कडेजवळचा दोष झाकला जातो. एक्सपोजर सेकंदाच्या दोनशेव्या भागापेक्षा कमी, आयएसओ आणि फोकस हाताने लॉक केलेला. चकती किमान ८०० पिक्सेल रुंद असावी, म्हणजे ५० पट्ट्यांतही प्रत्येकाला १६ पिक्सेल मिळतात.

एका स्थितीत १५-१६ फोटो, मध्ये थोडा थोडा वेळ सोडून. एकामागून एक धडाधड काढलेल्या फोटोंत हवा तीच असते, त्यांच्या सरासरीला अर्थ नाही. हवा प्रत्येक वेळी वेगळी असेल तर १६ फोटोंत यादृच्छिक चूक चौथ्या हिश्श्यावर येते.

सॉफ्टवेअरमध्ये

डीएफटीफ्रिंज हे मोफत सॉफ्टवेअर याच कामासाठी आहे. व्यास, वक्रतात्रिज्या, लेझरची तरंगलांबी आणि हवा असलेला कॉनिक स्थिरांक (आकार गोल, पॅराबोला की आणखी काही हे सांगणारा आकडा; पॅराबोलासाठी उणे १) भरायचा, मग फोटोत आरशाची बाहेरची कड आखून द्यायची.

पॅराबोला वक्रताकेंद्रावरून बघितला की त्यात गोलीय विपथन (मध्य आणि कड यांचा फोकस वेगवेगळा असणं) दिसणारच. आपल्या आरशात ते तरंगाग्रावर कडेपाशी ४.८ लहरी असतं. सगळ्यात चांगल्या फोकसला ते चौथ्या हिश्श्यावर, १.२ लहरींवर येतं. झर्निके गुणकाच्या भाषेत (तरंगाग्र ठरावीक आकारांच्या बेरजेत मांडायची गणिती पद्धत) हे ०.८० लहरी. सॉफ्टवेअर हा अपेक्षित वाटा वजा करतं आणि उरतं ती चूक. म्हणून भरलेल्या मापांत चूक झाली तर ती थेट निकालात उतरते. वक्रतात्रिज्या घनात येते, त्यामुळे तिच्यात १ टक्का चुकलात तर वजाबाकी ३ टक्क्यांनी चुकते. टेपने २ मीटर मोजताना २-३ मिमीची चूक होते, तिची काळजी नको. व्यास मात्र चौथ्या घातात येतो. काचेच्या कडेला दोन्हीकडे दीड मिमीची तिरपी घासणी असेल, तर प्रत्यक्ष चकचकीत व्यास १९७ मिमी असतो. तिथे २०० भरलं की वजाबाकी ६ टक्क्यांनी जास्त होते, आणि निव्वळ त्यानेच आरएमएसमध्ये ०.०२ लहर शिरते. लहरीचा चौदावा भाग म्हणजे ०.०७. एवढा वाटा आकडे भरतानाच घालवू नये.

उंचवटा की खड्डा हे पट्ट्यांवरून आपोआप कळत नाही. खात्री करायची तर अंगठा आरशावर अर्धा मिनिट टेकवा, उचला आणि फोटो काढा. तिथे काच तापून फुगलेली असते. नकाशात तो डाग उंच दिसला तर दिशा बरोबर, खोल दिसला तर उलटवा. हे केल्याशिवाय पॉलिशिंगला बसू नका. दिशा उलटी धरून घासलं की दोष दुप्पट होतो.

एक पट्टा सरकणं म्हणजे तरंगाग्रावर एक लहर, पण पृष्ठभागावर अर्धी, कारण प्रकाश जाताना आणि येताना दोनदा ते अंतर कापतो. कोणाशीही आकडे ताडून बघताना तो तरंगाग्राचा आहे की पृष्ठभागाचा हे आधी विचारा.

आणखी एक सापळा. झर्निके बहुपदी नकाशा गुळगुळीत करून दाखवतात. खाली झुकलेली कड आणि अरुंद कंगोरे त्यांत विरघळून जातात. कड जरा आत घेऊन आखली की आकडा सुंदर दिसतो, पण दुर्बिणीत ती कड प्रकाश विखुरतच राहते. मूळ नकाशा बघा, कडेसकट.

आरसा फिरवणं

आता काच आणि बाकी सगळं वेगळं करायची वेळ. पहिल्या स्थितीतले फोटो झाले की आरसा स्टँडवर ९० अंश फिरवा, उपकरणाला हात न लावता. पुन्हा तेवढेच फोटो. मग १८० आणि २७०. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्थितीचा नकाशा उलट फिरवून खूण शून्यावर आणा आणि चारही नकाशांची सरासरी घ्या.

काचेतला दोष काचेसोबत फिरतो. स्टँडवर वजनाने आलेला बाक, बाथ रचनेचा ॲस्टिग्मॅटिझम आणि हवेचे स्थिर थर जागच्या जागी राहतात. उलट फिरवल्यावर काचेचे दोष एकमेकांवर बसतात आणि बाकीचे चार दिशांना विखुरून बहुतांशी एकमेकांना छाटतात.

फक्त ० आणि १८० मोजून भागवू नका. ॲस्टिग्मॅटिझम अर्ध्या फेऱ्यात जसाच्या तसा दिसतो, त्यामुळे तो कोणाचा हे त्या जोडीवरून कळणारच नाही. ९० अंशांत त्याचे उंच-सखल भाग अदलाबदल होतात, तिथे उत्तर मिळतं. कोमाचं (प्रतिमेला एका बाजूला शेपूट आणणारा दोष) उलट आहे, त्याला १८० अंशांची जोडी बोलकं करते. अनेक जण कोमा जुळवणीतून आला असं धरून डोळे झाकून वजा करतात. तो काचेसोबत फिरत असेल तर काचेतच आहे, वजा करू नका. वेळ असेल तर चारऐवजी सहा स्थिती घ्या, कारण चारच्या सरासरीत चौकोनी सममितीचा दोष न छाटता उरतो.

चारही नकाशे शेजारी शेजारी ठेवून बघण्यात मी सरासरीइतकाच वेळ घालवतो. त्यांच्यातला आपापसातला फरक हीच तुमच्या मोजमापाची अनिश्चितता. फरक लहरीच्या दहाव्या भागाचा असेल, तर सरासरीवरून अंतिम आकडा लहरीच्या तिसाव्या भागापर्यंत सांगण्यात अर्थ नाही. तो कागदावर उतरतो, काचेत नसतो.

दुसरी साक्ष

फिरवण्याने एक चूक कधीच पकडली जात नाही: मध्याभोवती सगळीकडे सारखी असलेली, म्हणजे गोलीय विपथन. चुकीचा व्यास भरला, भिंगात विपथन असलं, तर चारही स्थितींत ते तसंच येतं आणि काचेच्या नावावर जमा होतं. पॅराबोलाच्या बाबतीत नेमकं तेच तर मोजायचं असतं.

हबल दुर्बिणीत हेच घडलं. तिचा २.४ मीटरचा मुख्य आरसा अतिशय गुळगुळीत होता, पण तो मोजणाऱ्या नल करेक्टरमधलं (आरशाचं अपेक्षित विपथन भरून काढणारं उपकरण) एक भिंग १.३ मिमी चुकीच्या अंतरावर बसलं होतं. आरसा त्या चुकीच्या मापाबरहुकूम काटेकोर घडवला गेला आणि कडेपाशी सुमारे २ मायक्रोमीटर जास्त सपाट झाला. दुसऱ्या, साध्या उपकरणांनी काहीतरी बिनसल्याचं दाखवलं होतं, पण ती कमी अचूक म्हणून त्यांचं ऐकलं गेलं नाही. १९९० मध्ये दुर्बीण अवकाशात गेल्यावर दोष उघड झाला.

म्हणून फूकोची सुरी टाकून देऊ नका. झोनचे मास्क (आरशाची ठरावीक वलयंच उघडी ठेवणारी झाकणं) लावून तिच्याने कॉनिक स्थिरांक काढा आणि इंटरफेरोमीटरच्या निकालाशी ताडून बघा. शक्य असेल तर एखादा चांगला गोलीय आरसा त्याच मांडणीत मोजा. त्याच्यात अपेक्षित गोलीय विपथन शून्य आहे. जे दिसेल त्यात उपकरणाचा वाटा शोधता येतो. आणि ताऱ्यावरची चाचणी शेवटी कराच.

दोन्ही साक्षी जुळल्या आणि तरंगाग्राची आरएमएस चूक लहरीच्या चौदाव्या भागाच्या आत असली, तर स्ट्रेल गुणोत्तर (आदर्श आरशाच्या तुलनेत ताऱ्याच्या प्रतिमेच्या मध्याचं तेज) ०.८ च्या वर येतं. तिथे प्रतिमा विवर्तनाच्या मर्यादेला पोहोचली असं मानतात. स्ट्रेल सहसा ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी सांगतात. ६५० च्या लेझरवर मोजलेला लहरींचा आकडा त्यासाठी १.१८ ने गुणावा लागतो.

भिंग मोजायचं असेल तर

बहिर्वक्र पृष्ठभाग प्रकाश गोळा करत नाही, त्यामुळे वरची मांडणी त्याला लागू पडत नाही. प्रयोगशाळेत यासाठी ६३२.८ नॅनोमीटरचा हीलियम-निऑन लेझर असलेला फिझो इंटरफेरोमीटर आणि संदर्भ गोल वापरतात. ॲस्फेरिक (गोलीय नसलेला) पृष्ठभाग गोलापासून जसजसा दूर जातो तसतसे पट्टे दाटतात. दर पट्ट्याला दोन पिक्सेलही उरले नाहीत की मोजणी अशक्य होते. त्याच्या आधीच, किरण गेल्या वाटेने परत येत नसल्यामुळे उपकरणाच्या चुका शिरू लागतात. मग संगणकाने काढलेला होलोग्राम वाटेत ठेवून त्या ॲस्फेअरला अनुरूप तरंगाग्र तयार करतात, किंवा पृष्ठभागाचे छोटे छोटे तुकडे मोजून नकाशे जोडतात. होलोग्राम एकाच आकारापुरता उपयोगी असतो, त्यामुळे तो सुट्या एका भिंगासाठी परवडत नाही.

घरी जमण्यासारखी वाट म्हणजे पूर्ण भिंग आरपार मोजणं. समांतर प्रकाशासाठी घडवलेलं भिंग घ्या, त्याच्या नाभीवर उपकरणाचा बिंदू आणा आणि भिंगामागे चांगला सपाट आरसा ठेवा. प्रकाश भिंगातून दोनदा जातो. १.५ अपवर्तनांकाच्या काचेत एका पृष्ठभागावरची चूक या दुहेरी फेरीत तरंगाग्रावर तेवढीच उमटते, आरशासारखी दुप्पट नाही. म्हणजे इथे एक पट्टा हा पृष्ठभागावर पूर्ण एक लहर. निकालात दोन्ही पृष्ठभाग, काचेचा एकजिनसीपणा आणि सपाट आरसा असे सगळेच येतात. भिंग ९०-९० अंशांनी फिरवा, सपाट आरसा जागेवर राहू द्या. मग एकदा भिंग स्थिर ठेवून सपाट आरसा फिरवा. दोन्ही फेऱ्यांचे नकाशे वेगळे जपून ठेवा, कारण सपाट आरशाचा वाटा त्यांच्याच तुलनेतून निघतो.